स्वस्त कपड्यांची खरी किंमत

मोठ्या शहरांतील वस्त्रदालनांत टांगलेला तयार सदरा सहसा दालनाच्या मालक कंपनीने शिवलेला नसतो. नमुना, दर आणि माल पोहोचविण्याची मुदत एवढे ती ठरविते. कापड, रंगाई व शिलाई ही कामे परदेशांतील कारखानदार कंत्राटावर करून देतात. या पद्धतीमुळे कपडे स्वस्त झाले हे खरे; परंतु ते शिवणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अधांतरी राहिला. बांगलादेशात २०१३ साली तो अत्यंत दारुण रीतीने पुढे आला.

ढाक्याजवळील सावर येथील राणा प्लाझा ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली. १,१३४ जण मृत्युमुखी पडले व सुमारे अडीच हजार जखमी झाले. आदल्याच दिवशी इमारतीला भेगा पडल्याचे दिसून आले होते. खालच्या मजल्यांवरील बँक व दुकाने बंद ठेवण्यात आली. वरच्या पाच कारखान्यांतील कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले. माल वेळेवर न गेल्यास दंड भरावा लागतो वा मागणीच रद्द होते, हे ज्यास ठाऊक आहे त्यास या फरकाचे कारण निराळे सांगावयास नको. यांतील काही कारखान्यांची खरेदीदारांच्या वतीने पूर्वी तपासणी झाली होती. तीत इमारतीच्या मजबुतीचा विचारच नव्हता!

त्यानंतर मे २०१३ मध्ये परदेशी कंपन्या व कामगार संघटना यांच्यात जो करार झाला, त्याचे वेगळेपण त्याच्या बंधनकारकतेत आहे. दोनशेहून अधिक कंपन्या त्यात सामील झाल्या. स्वतंत्र अभियंत्यांनी सुमारे सोळाशे कारखाने तपासावेत, अहवाल प्रसिद्ध व्हावेत, दुरुस्ती नाकारणाऱ्या कारखान्याकडून कोणीही माल घेऊ नये, आणि दुरुस्तीचा खर्च कारखानदारास झेपेल याची काळजी खरेदीदाराने घ्यावी, अशी ही व्यवस्था होती. कसूर करणारी कंपनी लवादापुढे खेचली जाऊ शकत असे. तसे घडलेही. हेग येथे दाखल झालेल्या दोन प्रकरणांपैकी एकात कंपनीने जानेवारी २०१८ मध्ये २३ लाख डॉलर देऊन तडजोड केली. जून २०२० पासून बांगलादेशातील तपासणीचे काम कारखानदार, खरेदीदार व कामगार संघटना यांच्या संयुक्त परिषदेकडे आहे.

इमारती सुधारल्या. दराचा प्रश्न मात्र करारात आलाच नाही. शिलाई कामगाराचे किमान मासिक वेतन २०१३ च्या अखेरीस ५,३०० टाका होते. डिसेंबर २०२३ पासून ते १२,५०० टाका झाले. कामगार संघटनांची मागणी २३,००० ची होती. वेतन वाढले तरी खरेदीचा दर त्या मानाने वाढत नाही, ही कारखानदारांची तक्रारही निराधार म्हणता येणार नाही. २०२० च्या कोरोना साथीत तर शिवून तयार असलेला मालही कंपन्यांनी नाकारला. रद्द वा स्थगित झालेल्या मागण्यांचे मूल्य कारखानदारांच्या संघटनेने तीन अब्ज डॉलरहून अधिक सांगितले होते.

रंगाईच्या सांडपाण्याने ढाक्यालगतच्या तुराग नदीची जी अवस्था झाली आहे, तिचा खर्च तर कोणत्याच पावतीवर येत नाही.

दुसरीकडे न खपलेल्या मालाचे काय होते, तेही उघड झाले आहे. एका नामांकित ब्रिटिश कंपनीने एकाच वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले व मोठा गहजब उडाला. फ्रान्सने २०२० च्या कायद्याने न विकलेले कपडे नष्ट करण्यास मनाई केली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमानुसार मोठ्या कंपन्यांसाठी अशी मनाई जुलै २०२६ पासून ठरविण्यात आली. वस्तूसोबत तिच्या घडणीची माहिती देणारी नोंद ठेवण्याची तरतूदही त्याच नियमात आहे. भारतातून कापूस व सूत मोठ्या प्रमाणावर बांगलादेशास जाते. त्यामुळे अशा नोंदींची साखळी जसजशी मागे सरकेल, तसतशी कापसाच्या गाठीचे मूळ विचारणारी चौकशी विदर्भ-खानदेशातील जिनिंग कारखान्यांच्या दारीही येऊ शकते.