फाइल उडाली, आता काय?

कुवेत शहराच्या नैऋत्येला, फर्वानिया प्रांतात अर्दिया आहे. बाहेरच्या माणसाला हे नाव जाबर अल-अहमद स्टेडियममुळे ठाऊक असते. कामानिमित्त जाणाऱ्यांना आठवतात ती औद्योगिक भागातली वर्कशॉप आणि गोदामे. तिथल्या आणि कुवेतमधल्या इतर कंपन्यांत ड्राफ्ट्समन, क्वांटिटी सर्व्हेयर, अकाउंटंट म्हणून काम करणारी मराठी माणसे बरीच आहेत. शॉप ड्रॉइंग, टेंडरचा बीओक्यू (कामाच्या परिमाणांची यादी), महिनाअखेरची पगारपत्रके असे त्यांचे दिवसभराचे काम संगणकावरच चालते.

जून २०२४ मध्ये उष्म्यामुळे विजेची मागणी इतकी वाढली की कुवेतच्या वीज मंत्रालयाला काही भागांतला पुरवठा ठरावीक वेळ बंद ठेवावा लागला. महाराष्ट्रातल्या भारनियमनातून गेलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही, पण गावी त्याच्या घरात इन्व्हर्टर होता. कुवेतमध्ये वीज जातच नाही असे गृहीत धरून मांडलेल्या टेबलाखाली यूपीएस असतोच असे नाही. वीज हे झाले एक कारण. काम जाण्याच्या वाटा अनेक आहेत आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

काम जाते म्हणजे काय होते?

आपण टाइप करतो किंवा रेघ ओढतो, तेव्हा ते काम आधी संगणकाच्या रॅममध्ये असते. वीज असेपर्यंतच रॅमला काही लक्षात राहते. सेव्ह केल्यावर त्या कामाची प्रत डिस्कवर लिहिली जाते आणि ती वीज गेल्यावरही टिकते. म्हणून लाइट गेली किंवा प्रोग्राम हँग झाला की नुकसान होते ते शेवटच्या सेव्हनंतरच्या कामाचे. फाइल केवढी मोठी होती याच्याशी त्याचा संबंध नसतो.

सेव्ह होत असतानाच लाइट गेली तर फाइल अर्धवट लिहिली जाऊन करप्ट होऊ शकते. हे टाळण्यासाठी बरेच प्रोग्राम नवी प्रत आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहितात आणि मग नावांची अदलाबदल करतात. पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करता उपसून काढण्यात धोका असतो तो अशा अर्धवट लिखाणाचाच. पडद्यावर कॉपी पूर्ण झालेली दिसली, तरी काही मजकूर अजून लिहायचा बाकी असू शकतो.

पाच वाटा

१. लाइट जाणे किंवा प्रोग्राम बंद पडणे. नुकसान मिनिटांचे किंवा तासांचे. फाइलची जुनी प्रत बहुधा शाबूत राहते.

२. चुकून ओव्हरराइट. जुने ड्रॉइंग उघडून त्यात नव्या कामासाठी बदल केले आणि ‘सेव्ह ॲज’ऐवजी ‘सेव्ह’ दाबले. संगणकात काहीच बिघडलेले नसते, त्यामुळे तो इशाराही देत नाही.

३. चुकून डिलीट. साधे डिलीट रिसायकल बिनमध्ये जाते. शिफ्ट धरून केलेले डिलीट तिथे जात नाही. पेन ड्राइव्हवरून किंवा ऑफिसच्या सर्व्हरवरच्या फोल्डरमधून उडवलेली फाइलही आपल्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये सहसा सापडत नाही.

४. डिस्क जाणे, लॅपटॉप पडणे, चोरीला जाणे.

५. रॅन्समवेअर. फाइली जागेवर असतात, पण खंडणीसाठी कुलूपबंद केलेल्या. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या, यंत्रणेवर असा हल्ला झाला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये कुवेतच्या अर्थ मंत्रालयाच्या यंत्रणेवरही सायबर हल्ला झाला.

ऑटोसेव्ह पहिल्या वाटेवर कामी येते. दुसऱ्या वाटेवर तेच अंगावर येते, कारण चुकीचा बदलही ते इमानाने सेव्ह करते. एका उपायावर पाचही संकटे सोपवून निर्धास्त राहणारे लोक नेमके इथेच फसतात.

फाइल गेल्यावर पहिली दहा मिनिटे

फाइल अजून उघडी असेल तर बंद करू नका. चुकीचा बदल सेव्ह झाला असला, तरी ती बंद होईपर्यंत वर्ड, एक्सेल आणि ऑटोकॅडमध्ये कंट्रोल-झेडने मागे जाता येते. मागे जाऊन योग्य प्रत दिसली की ती ‘सेव्ह ॲज’ने नव्या नावाने ठेवा.

प्रोग्राम बंद पडला असेल तर तोच पुन्हा उघडा. वर्ड आणि एक्सेल मुळातल्या सेटिंगनुसार दर १० मिनिटांनी रिकव्हरीची प्रत ठेवतात आणि पुन्हा उघडल्यावर ती बाजूला दाखवतात. नव्या फाइलला नावच दिले नव्हते, किंवा घाईत ‘डोन्ट सेव्ह’ दाबले गेले, तर ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज डॉक्युमेंट’ या वाटेने ‘रिकव्हर अनसेव्हड’ हा पर्याय मिळतो. एक्सेलमध्ये तिथे ‘मॅनेज वर्कबुक’ असे लिहिलेले असते. सापडलेली प्रत आधी नव्या नावाने सेव्ह करा, मग वाचत बसा.

ऑटोकॅडवाल्यांनी दोन फाइली ओळखून ठेवाव्यात. पहिली ‘डॉट एसव्ही डॉलर’ या शेपटीची, म्हणजे ऑटोसेव्हची प्रत. ती ड्रॉइंगशेजारी नसते, तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये असते, आणि त्या फोल्डरचा पत्ता ‘ऑप्शन्स’मधल्या ‘फाइल्स’ या टॅबवर लिहिलेला असतो. तिची शेपटी बदलून ‘डीडब्ल्यूजी’ केली की ती उघडते. प्रोग्राम व्यवस्थित बंद केला तर ही प्रत पुसली जाते आणि क्रॅश झाला तरच मागे राहते. दुसरी ‘डॉट बीएके’, ही ड्रॉइंगच्या शेजारीच असते. शेवटच्या सेव्हच्या आधीचे ड्रॉइंग तिच्यात असते. चुकून ओव्हरराइट झाल्यावर वाचवणारी हीच, पण मेख अशी की तिला एकच पाऊल मागचे आठवते. गोंधळून पुन्हा एकदा सेव्ह दाबले की चुकीची प्रत ‘बीएके’मध्येही जाऊन बसते. म्हणून चूक लक्षात येताच ‘बीएके’ आधी दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करावी.

कायमची डिलीट झालेली फाइल साध्या हार्ड डिस्कवर लगेच पुसली जात नाही. ती जागा मोकळी असल्याची फक्त नोंद होते आणि नवे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तिथे राहतो. म्हणून त्या संगणकावर काम थांबवा आणि रिकव्हरीचे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवू नका. एसएसडी असेल तर आशा कमी, कारण ‘ट्रिम’ नावाच्या सोयीमुळे ती मोकळी झालेली जागा स्वतःहून साफ करते. आजचे बहुतेक लॅपटॉप एसएसडीवर चालतात. तेव्हा ‘डेटा रिकव्हरीवाला काढून देईल’ या भरवशावर राहू नये.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

‘माझे सगळे वनड्राइव्हवर आहे’ किंवा ‘गूगल ड्राइव्हवर आहे’ हे उत्तर हमखास ऐकू येते. या सेवांचे मुख्य काम सगळीकडे एकच प्रत ठेवणे हे आहे. लॅपटॉपवर फाइल उडवली की ती क्लाउडवरूनही उडते. कुलूपबंद झालेली फाइलही तशीच वर चढते.

तरी दोन सोयी खऱ्या उपयोगाच्या आहेत. एक, ट्रॅश. गूगल ड्राइव्हवर आणि वैयक्तिक वनड्राइव्हवर उडवलेली फाइल ३० दिवस मिळू शकते. दुसरी, ‘व्हर्जन हिस्टरी’. तिथून फाइलचे कालचे किंवा परवाचे रूप परत आणता येते, म्हणून ओव्हरराइटवर हा चांगला उतारा आहे. वर्ड-एक्सेलमधले वर डावीकडचे ‘ऑटोसेव्ह’चे बटण मात्र फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असेल तरच चालते. फक्त संगणकावर ठेवलेल्या फाइलला ते लागू नाही. तिथे फक्त मघाची १० मिनिटांची रिकव्हरी असते.

मोठ्यांचीही फजिती होते

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा उडवला. काही क्षणांत चूक ध्यानात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण ऐन वेळी त्यांपैकी एकीवरही विसंबता येईना. नियमित बॅकअप किती तरी दिवस फसत होता आणि फसल्याची सूचना देणारे ईमेलही पोचत नव्हते. वाचवले ते सुमारे ६ तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या एका प्रतीने. त्या ६ तासांचे काम मात्र कायमचे गेले.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवण्याची ‘जी-ड्राइव्ह’ ही यंत्रणा त्यात जळाली. ८५८ टेराबाइट डेटा होता, आणि आकार फार मोठा म्हणून बाहेर कुठे प्रत ठेवलेली नव्हती.

पहिल्या ठिकाणी प्रती होत्या, त्या तपासल्या नव्हत्या. दुसऱ्या ठिकाणी जे होते ते एकाच छपराखाली होते.

तीन, दोन, एक

छायाचित्रकार पीटर क्रॉ यांनी रूढ केलेला नियम सोपा आहे. कामाच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी १ दुसऱ्या जागी. लॅपटॉपवर मूळ फाइल, घरी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि क्लाउडवर एक प्रत, एवढे केले की नियम पाळला गेला. एक्स्टर्नल डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअर मूळ फाइलींबरोबरच कुलूपबंद करते.

यातल्या ‘दुसऱ्या जागी’ या शब्दांचे मोल कुवेतने भोगून जाणले आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा शिरल्या, तेव्हा सरकारी दप्तरे आणि संस्थांमधले साहित्य लुटून नेले गेले. त्यातली कागदपत्रे अजून थोडी थोडी परत येत आहेत. २०२१ मध्ये इराकने अशी सुमारे ८ टन सामग्री परत केली. इराकी ताब्याच्या काळात नॅशनल बँक ऑफ कुवेतने लंडनमधून आपला कारभार चालू ठेवला होता.

ऑफिसच्या कामाबाबत एक पथ्य पाळा. कंपनीची ड्रॉइंग किंवा हिशेब स्वतःच्या जीमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर परस्पर नेऊ नयेत. हेतू चांगला असला तरी ते नोकरीवर बेतू शकते. आयटी विभागाला विचारावे की सर्व्हरचा बॅकअप कधी होतो आणि जुनी प्रत किती दिवस मिळते. ड्रॉइंगला रेव्ह-०, रेव्ह-१ अशी नावे देण्याची शिस्त साइटवर असतेच. तीच एक्सेलच्या शीटलाही लावली की ओव्हरराइटची निम्मी भीती जाते.

इथल्या उन्हाळ्याची आणि परतीची तयारी

कुवेतमधल्या मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. बहुतेक लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. त्यामुळे दुपारी गाडीत लॅपटॉप किंवा डिस्क ठेवून साइटवर जाऊ नये. उष्म्याने बॅटरी लवकर निकामी होते, आणि लाइट गेल्यावर लॅपटॉपला तारते ती बॅटरीच. धुळीच्या वादळांनंतर पंख्याच्या जाळ्या साफ करून घ्याव्यात, कारण जाळी तुंबली की यंत्र तापते आणि आपोआप बंद पडते. डेस्कटॉपला छोटा यूपीएस जोडला तर सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती मिनिटे मिळतात, आणि तेवढी पुरतात.

कायमचे भारतात परतणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधीच उरकावी. क्लाउडचे खाते कुवेतच्या मोबाइल नंबरला जोडलेले असेल तर सिम बंद झाल्यावर ओटीपी येत नाही आणि आपल्याच फाइली बंद दाराआड राहतात. सिम परत करण्यापूर्वी खात्याला भारतातला नंबर जोडावा आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवावेत. कंपनीचे ईमेल खाते शेवटच्या दिवशी बंद होते. त्यात पडलेले पगाराचे आणि अनुभवाचे दाखले त्याआधीच रीतसर मागून घ्यावेत.

किती तास गमावायला तयार आहात?

बॅकअप किती वेळाने घ्यावा, याचे उत्तर या प्रश्नात आहे. पुन्हा करायला अर्धा दिवस लागला तरी चालेल अशा कामाची प्रत दिवसातून दोनदा घ्यावी. उद्या सकाळी टेंडर भरायचे असेल तर अर्धा तासही महाग पडतो. तिथे रिकव्हरीच्या प्रतीची १० मिनिटे सेटिंगमध्ये जाऊन ५ करावीत आणि कंट्रोल-एसची सवय हाताला लावावी. लग्नाचे फोटो आणि मुलांचे व्हिडिओ पुन्हा करता येत नाहीत, म्हणून त्यांना ३-२-१ शिवाय पर्याय नाही.

येत्या शुक्रवारी सुटीच्या दिवशी एवढे करा. आपली सर्वांत महत्त्वाची फाइल निवडा आणि तिची बॅकअपमधली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडली नाही किंवा ती महिन्यापूर्वीची निघाली, तर तुमच्याकडे बॅकअप नाही असे समजा आणि त्याच दिवशी नवी प्रत काढा.