रस्त्याचे पैसे

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. शेजारचे भाऊ आले आणि काही न बोलता एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. यंत्रातून निघालेली, अक्षरं निम्मी पुसट. म्हणाले, "भाईनू, तुमी बी.ए. झालास मा? मग ह्या वाचा आणि माका सांगा, माजो गुन्हो काय तो."

भाऊंची जुनी ओम्नी आहे. मासळीच्या दिवसांत बर्फाच्या लाद्या वाहते आणि महिन्यातून एकदा वहिनींना घेऊन बांबोळीच्या इस्पितळात जाते. आमच्या सिंधुदुर्गातल्या माणसाला मोठं दुखणं आलं की तो मुंबईकडे नाही, गोव्याकडे बघतो. ही वाट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. २०१८ साली तिथे परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा दोडामार्गची माणसं रस्त्यावर उतरली होती. तर भाऊ असेच इस्पितळातून परतत होते. हद्दीपलीकडे गाडी अडवली गेली. नंबर एमएच ०७. लायसन होतं, विमा होता, पीयूसीची मुदत मात्र नऊ दिवसांपूर्वी संपलेली. वहिनी मागच्या सीटवर आडव्या झालेल्या. चिठ्ठी फाटली, गाडी सुटली.

भाऊंचा राग त्या चिठ्ठीपुरता नव्हता. "गाडी घेतलंय तेवा टॅक्स भरलंय. पेट्रोलात टॅक्स भरतंय. हायवेक आज्याची जमीन गेली. आता थंय टोलनाको बांधलो हा. आणि वर ह्यो दंड. रस्तो नेमको कोणाचो?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. नंतर बसून वाचलं, एकदोघा वकील मित्रांना विचारलं. जे कळलं ते आज सांगतो. भाऊंनी एका दमात चार गोष्टी सांगितल्या होत्या, आणि आपण सगळेच त्या एका पोत्यात भरतो. सरकारलाही त्या वेगळ्या काढून दाखवायची फारशी घाई नसते.

गाडी घेताना भरतो तो मोटार वाहन कर. आपल्या राज्यात तो १९५८ च्या कायद्याने घेतला जातो, आणि खासगी गाडीला एकरकमी. हा कर आहे. म्हणजे त्याच्या बदल्यात अमुक रस्ता मिळेल असं वचन त्यात नसतं. पेट्रोल-डिझेलवरचा रस्त्यांसाठीचा उपकर निराळा. तो २००० सालच्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने रस्त्यांच्या नावानेच गोळा होऊ लागला. टोल तिसरा. तो कर नव्हे, शुल्क आहे. जो रस्ता वापरील त्याने भरायचं. आणि दंड या तिघांपैकी कोणीच नव्हे. तो चुकीबद्दल असतो. पहिले तीन चुकवता येत नाहीत, चौथा चुकवता येतो, चूक न करून. पण चारही ठिकाणी हात आपल्याच खिशात जातो, त्यामुळे माणसाला चारही सारखेच लागतात. त्यात त्याला मूर्ख म्हणण्यासारखं काही नाही.

टोलाचं म्हणाल तर आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना तो नवा नाही. माझ्या लहानपणी आमच्या खाडीवर तर होती. पूल नव्हता. तरीचा लिलाव व्हायचा, जो घेईल त्याने वर्षभर होडी चालवायची आणि माणशी पैसे घ्यायचे. इंग्रजांनी १८६८ मध्येच मुंबई इलाख्यासाठी तरींचा कायदा केला होता. पण आमच्या गावात कायद्याच्या वर एक रीत होती. दोन्ही काठांवरची घरं तरीवाल्याला पावसाळ्यानंतर भात द्यायची, पायलीने मोजून, आणि वर्षभर येजा करायची. रोख पैसे द्यायचा तो परगावचा. अब्बा मला होडीत बसवताना तरीवाल्याकडे नुसती मान हलवायचे. मला वाटायचं आम्ही फुकट जातो. आम्ही फुकट जात नव्हतो, आमचं भात त्याच्या कणगीत असायचं.

हे आठवायचं कारण ओसरगाव.

मुंबई-गोवा महामार्गावर कणकवली सोडून दक्षिणेला निघालं की ओसरगावला टोलनाका लागतो. पूर्वीचा सतरा नंबरचा, आताचा सहासष्ट नंबरचा हा रस्ता. त्याचं चौपदरीकरण सुरू झालं पनवेलच्या बाजूने, २०११ च्या सुमारास, आणि पुढे ते काम कसं रेंगाळलं हे गणपतीला गावी येणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याच्या कमरेला ठाऊक आहे. आमच्या जिल्ह्यातला भाग त्यामानाने लवकर झाला. झाला म्हणजे कसा, तर २०२० च्या पावसाळ्यात कणकवलीच्या उड्डाणपुलाची भिंत ढासळली. ओसरगावला १ जून २०२२ पासून वसुली सुरू होणार असं ठरलं, आणि जिल्हा पेटला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष या एका प्रश्नावर एका सुरात बोलले. मागणी साधी होती. एमएच ०७ ला टोल माफ करा. वसुली पुढे ढकलली गेली.

ही मागणी बाहेरच्यांना हट्टाची वाटते. नकाशा बघा म्हणजे कळेल. जिल्ह्याचं मुख्यालय ओरोसला. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, जिल्हा रुग्णालय, सगळं तिथे. कणकवलीचा माणूस सातबाऱ्याच्या कामाला ओरोसला निघाला की वाटेत ओसरगाव. आम्ही मालवणहून कसालला हायवेवर येऊन कणकवलीला गेलो तरी वाटेत ओसरगाव. म्हणजे लांबच्या प्रवासाचा म्हणून घ्यायचा टोल इथे तालुक्याहून तालुक्याला जाणाऱ्याकडून घेतला जाणार.

आता नियम काय म्हणतो? राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम २००८ चे आहेत. त्यात स्थानिकांचा विचार अजिबात नाही असं नाही. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी गाडीला सवलतीचा मासिक पास मिळतो. त्याच जिल्ह्यात नोंदलेल्या, राष्ट्रीय परवान्याच्या नसलेल्या व्यावसायिक वाहनाला निम्मा दर. आमच्या भाषेत सांगायचं तर कायद्यातही भाताच्या पायलीला जागा आहे. पण वीस किलोमीटरच्या वर्तुळात मालवण बसत नाही. देवगड नाही, सावंतवाडी नाही, दोडामार्ग तर नाहीच. शिवाय बाजूला सेवारस्ता किंवा दुसरा रस्ता असेल तर पासाची ती सवलतही अडू शकते. वर्तुळ दिल्लीत कंपासने काढलेलं आहे, जिल्हा मात्र लांबट आहे, खारेपाटणपासून बांद्यापर्यंत पसरलेला. भांडण इथे आहे. "टोल नको" ही घोषणा झाली. माझ्या मते खरी मागणी वर्तुळाऐवजी जिल्हा मोजा, ही आहे, आणि ती पूर्ण वाजवी आहे.

कोल्हापूरचं उदाहरण आमच्याकडे सारखं दिलं जातं. शहरातलेच सुमारे पन्नास किलोमीटरचे रस्ते खासगी ठेकेदाराकडून करून घेतले आणि बदल्यात त्याला तीस वर्षं टोल घ्यायचा हक्क दिला. म्हणजे घरातून मंडईत जायला टोल. एन. डी. पाटील तेव्हा ऐंशीच्या पुढचे, तरी मोर्चाच्या पुढे. गोविंद पानसरे त्यांच्या बरोबर. २०१३ च्या ऑक्टोबरात वसुली सुरू झाली, २०१४ च्या जानेवारीत नाके फोडले, जाळले गेले, आणि २०१५ च्या अखेरीला सरकारने टोल रद्द केला. तो दिवस पाहायला पानसरे राहिले नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली. लोक इथपर्यंतची गोष्ट सांगतात. पुढची सांगत नाहीत. ठेकेदाराचे पैसे बुडाले नाहीत, ते सरकारने द्यायचे ठरलं. २०१५ मध्येच राज्यातले बारा नाके बंद झाले आणि आणखी त्रेपन्न नाक्यांवर मोटारींना आणि एसटीला माफी मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल गेला. तिथेही भरपाईचा प्रश्न आलाच. नाक्यावर न दिलेला रुपया तिजोरीतून जातो, आणि त्या तिजोरीत सायकलवाल्याचाही पैसा असतो. मी टोलाच्या बाजूचा नाही. पण ज्याच्याकडे गाडीच नाही त्याने माझ्या गाडीचा टोल का भरावा, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही.

फास्टॅगने एक केलं, रांग घटवली. २०२१ च्या फेब्रुवारीपासून तो सक्तीचा झाला. २०२५ च्या १५ ऑगस्टपासून खासगी गाड्यांना तीन हजारांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पासही मिळू लागला. मुंबईहून वारंवार येणाऱ्याला तो परवडतो. भाऊंची ओम्नी महिन्यातून एकदा बांबोळीला जाते. त्यांना त्याचा काय उपयोग?

आता दंडाकडे येऊ. मोटार वाहन कायदा १९८८ चा. बऱ्याच दंडांचे आकडे तीस वर्षं तसेच पडून होते. लायसन नसताना गाडी चालवली तर पाचशे, हेल्मेट नसेल तर शंभर. २०१९ च्या सप्टेंबरपासून कायदा बदलला आणि पाचशेचे पाच हजार झाले, शंभरचे हजार, शिवाय हेल्मेट नसेल तर तीन महिने लायसन रद्द होऊ शकतं. दारू पिऊन चालवणाऱ्याला पहिल्याच खेपेला दहा हजारांपर्यंत. महाराष्ट्रात निवडणूक तोंडावर होती, म्हणून इथे ते थांबवलं गेलं, आणि २०२१ च्या डिसेंबरात काही आकडे कमी करून लागू झालं. शेजारच्या गोव्यात २०२२ च्या एप्रिलपासून. म्हणजे एकच देश, एकच कायदा, पण बांदा ओलांडलं की चिठ्ठीवरचा आकडा निराळा असू शकतो. कारण जागेवर मिटवायच्या गुन्ह्यांची रक्कम ठरवायचा अधिकार त्या त्या राज्याला आहे. भाऊंना वाटलं होतं, आपला नंबर बघून जास्त लावले. तसं नव्हतं.

"जागेवर मिटवणं" हा शब्द मात्र समजून घ्या, कारण तिथेच माणूस फसतो. कायद्यात त्याला तडजोड म्हणतात. तुम्ही गुन्हा कबूल करता, ठरलेली रक्कम भरता, आणि प्रकरण संपतं. कबूल नसेल तर भरण्याची सक्ती नाही. कोर्टात जाऊन सांगता येतं. कॅमेऱ्याने काढलेल्या चलनात फोटो, जागा, वेळ दिसली पाहिजे, ती ऑनलाइन बघता येते, आणि गाडी तुमची नसेल तर तक्रारही करता येते. कागद घरी राहिले म्हणून दंड भरणारे अजून भेटतात. डिजिलॉकरमधलं लायसन आणि आरसी २०१८ पासून चालतं. आणि एक गोष्ट, जिच्यामुळे निम्मी भांडणं होतात: गाडीच्या नोंदीत तुमचा आताचा मोबाईल नंबर आहे का? भाऊंच्या गाडीला मुंबईच्या मुलाचा जुना नंबर होता, तो बंद पडलेला. त्यांच्या नावावर याआधीची दोन चलनं निघाली होती, दोन्ही आपल्याच राज्यातली. त्यांना पत्ताच नव्हता. अशी थकलेली चलनं गाडी विकताना किंवा कागद नवे करताना आडवी येतात.

दंड वाढल्याने लोक सुधारतात का, हा माझ्यासारख्याचा जुना संशय. पण २०२२ चे सरकारी आकडे मी पाहिले आणि जरा गप्प झालो. त्या एका वर्षात देशात रस्त्यावर एक लाख अडुसष्ट हजारांवर माणसं मेली, त्यातली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. हेल्मेट नव्हतं अशी सुमारे पन्नास हजार. आमच्या गावातल्या दोन घरांत भिंतीवर हार घातलेले फोटो आहेत, दोघेही पंचविशीच्या आतले. दोघांच्या हेल्मेट आरशाला लटकत होत्या.

म्हणून दंड नको असं मी म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो, खड्डा टिपत नाही. पीयूसी नऊ दिवस उशिरा झाली तर चिठ्ठी तिथल्या तिथे निघते. भिंत ढासळली तर चौकशी लागते आणि तिचं काय झालं हे कळेपर्यंत माणूस गाव विसरतो. वाहनधारकाचा राग रकमेवर जितका आहे त्याहून या दोन वेगांतल्या फरकावर आहे.

आता भाऊंचा गुन्हा. पीयूसी त्यांनी काढली होती. त्यांची समजूत अशी की ती वर्षभर चालते. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना ती वर्षभर चालते, हे खरं. जुन्या गाड्यांना सहाच महिने. ओम्नी बीएस-३ ची. प्रमाणपत्रावर तारीख होती, पण ती कोण वाचतो? केंद्रवाल्याने सांगितलं नाही, भाऊंनी विचारलं नाही. मी हे सांगितल्यावर ते बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे चुकी माजीच?"

मी म्हटलं, "ह्या चिठ्ठीतली तुमची. रस्त्याची नाय."

तिन्ही चलनं आम्ही माझ्या भाचीच्या मोबाईलवरून त्याच रात्री भरली. पावत्यांच्या छापील प्रती भाऊंनी मागून घेतल्या, मोबाईलमधल्या पावतीवर त्यांचा विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी नंबर बदलायचा अर्ज केला. परवा त्यांच्या घरी गेलो होतो. स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, त्यावर वहिनींच्या इस्पितळाच्या तारखांना लाल गोल असतात. आता दोन निळे गोलही आहेत, सहा महिन्यांच्या अंतराने. वहिनींनी विचारलं, हे काय? भाऊ म्हणाले, "गाडयेची तपासणी. तिका पन बरा नसता."