मोटारीच्या उष्णतेचे दोन साक्षीदार

यंत्राच्या विषयावर मजसारख्या शाळामास्तरानें बोलावें याचें आपणांस नवल वाटेल. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि सारा जन्म मुलांना अंकगणित व पदार्थविज्ञान शिकविण्यांत गेला. परंतु गेल्या हिवाळ्यांत घरांतच असा एक प्रसंग घडला कीं, फळ्यावर शेंकडों वेळां लिहिलेला धडा मला मोटारीच्या बॉनेटखालीं पुन्हां गिरवावा लागला. त्या धड्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

माझा पुतण्या वाई येथें भाड्याची मोटार चालवितो. पसरणी घाट चढून पांचगणी व तेथून महाबळेश्वर, हा त्याचा नित्याचा मार्ग. गाडी कर्जाची, ती उभी राहिली तरी हप्ता कांहीं उभा राहत नाहीं. डिसेंबरांतल्या एका सकाळीं प्रवासी तक्रार करूं लागले कीं, हीटर लावूनही आंत गार वाराच येतो. घाटाच्या मध्यावर उष्णतामानाचा कांटाही वर सरकला. एका कारखान्यांत हीटरची झडप बदलली. गुण आला नाहीं. मग उष्णता मोजणारा सेन्सर बदलला. तरी पहिले पाढे पंचावन्न! तीन आठवडे भाडीं बुडालीं. शेवटीं एके दिवशीं घाटांतच त्यानें वैतागून तापल्या रेडिएटरचें झाकण फिरविलें. दैव बलवत्तर म्हणून मनगटावर निभावलें. तोच फवारा तोंडावर येता तर डोळे गेले असते.

आतां हें काय गौडबंगाल आहे तें पाहूं. इंजिनांत जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामीं येतो. तितकीच उष्णता धुराबरोबर जाते, आणि उरलेली बाहेर नेण्याचें काम इंजिनाभोंवतीं फिरणाऱ्या पाण्याकडे असतें. या पाण्यांत ग्लायकोल मिसळलेलें असतें व त्यास कूलंट म्हणतात.

माझें बालपण सांगली जिल्ह्यांत कृष्णेच्या कांठीं गेलें. तेथून जवळच लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं वसविलेली किर्लोस्करवाडी. तेथील पंप आमच्याकडील शेतकऱ्यांच्या ओळखीचे. मोटारींतला छोटा पंप त्याच कुळांतला आहे. तो कूलंट फिरवितो. पंपानें हवा धरली कीं चाक फिरतें, पण पाणी चढत नाहीं, हें उंसाला पाणी देणारा कोणीही सांगेल. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

या प्रवाहाच्या वाटेवर थर्मोस्टॅट नांवाचा एक द्वारपाळ असतो. पाणी साधारणतः ८२ ते ९० अंश सेल्सिअस तापेपर्यंत तो रेडिएटरकडे जाणारी वाट अडवून धरतो व मग उघडतो. याच प्रवाहाला हीटरकडे जाणारी एक लहान शाखा असते. जणूं मुख्य पाटाला फुटलेलें दारेंच. तें दारें उघडणारी व मोडणारी ती हीटरची झडप. पुष्कळ नव्या गाड्यांत ही झडप नसते. तेथें गरम व गार वाऱ्याचें प्रमाण आंतील एक पडदी ठरविते.

म्हणजे एकाच पाण्याविषयीं सांगणारे दोन साक्षीदार चालकासमोर बसलेले असतात : एक कांटा, दुसरा हीटरचा वारा. दोघांची जबानी एकत्र घेतली कीं चार प्रकार संभवतात.

पहिला प्रकार : कांटा योग्य जागीं, पण वारा गार. येथें इंजिन बहुधा निरोगी असून दोष हीटरच्या शाखेंत असण्याचा संभव अधिक. इंजिन चांगलें तापल्यावर तें बंद करावें आणि हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या बेतानें चांचपाव्या. दोन्ही गरम असतील तर पाणी पोंचतें आहे. दोष आंतील पडदीचा. एक गरम व दुसरी गार असेल तर झडप मिटलेली आहे, किंवा हीटरची जाळी तुंबलेली आहे. झडपेच्या अलीकडे गरम व पलीकडे गार लागलें तर झडपच दोषी. तरीही ती बदलण्यापूर्वीं तिला हालविणारी तार सुटली नाहीं ना, हें पाहावें. याच्या उलट, झडप उघडीच अडकली तर हिवाळा सुखाचा जातो. परंतु सांगलीच्या एप्रिलांत ए.सी. लावूनही वारा थंड होत नाहीं आणि दोष मात्र ए.सी.च्या माथीं येतो.

दुसरा प्रकार : कांटा खालींच रेंगाळतो आणि वारा कोमट. येथें बहुधा थर्मोस्टॅट उघडाच राहिलेला असतो. गाडी चालते, पण इंधन जास्त खाते.

तिसरा प्रकार : कांटा वर आणि वाराही कढत. पाणी हीटरपर्यंत फिरतें आहे, परंतु उष्णता बाहेर पडत नाहीं. गाडी गर्दींत उभी असतां तापते व वेगांत निवते, तर विजेचा पंखा पाहावा. उलट चढावरच तापत असेल तर रेडिएटर तुंबला असण्याचा संभव अधिक. रेडिएटरची वरची नळी बराच वेळ गारच राहिली, तर थर्मोस्टॅट मिटून बसला आहे.

चौथा प्रकार सर्वांत घातक : कांटा वर, पण वारा गार. याचा अर्थ हीटरपर्यंत पाणीच पोंचत नाहीं. पाणी उणें झालें आहे, पंपानें हवा धरली आहे, किंवा पंपच निकामी झाला आहे. अशा वेळीं गाडी एक फर्लांगही पुढें नेऊं नये. इंजिनाचें हेड वाकून हजारोंचा भुर्दंड बसतो. सेन्सरभोंवतीं पाणीच उरलें नाहीं तर चढलेला कांटा एकाएकीं उतरूंही शकतो. त्या उतरण्यानें हुरळून जाऊं नये.

साक्षीदार खरा कीं खोटा, हें पारखण्याची युक्ति सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीस सकाळीं तपासणी-यंत्र जोडावें. इंजिन सुरू करण्यापूर्वीं त्यांत दिसणारें पाण्याचें उष्णतामान बाहेरच्या हवेइतकेंच असलें पाहिजे. फार फरक दिसला तर सेन्सर किंवा त्याची तार सदोष समजावी.

पुतण्याची गाडी चौथ्या प्रकारांतली होती. मीं विचारलें, "अरे, पाणी पाहिलेंस का?" तो म्हणाला, "काका, बाटली तर भरलेली आहे!" येथेंच सारे फसले होते. त्याच्या गाडींत पाणी तापून फुगलें कीं जास्तीचें बाटलींत जातें, आणि निवतांना परत रेडिएटरांत ओढलें जातें. परंतु एका नळीच्या पट्ट्यापाशीं बारीक फट पडली होती. गरम असतां तेथून पाझरलेलें पाणी जागींच सुके. निवतांना मात्र बाटलींतलें पाणी न ओढतां त्याच फटींतून हवा आंत शिरे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, पूर्ण गार गाडीचें झाकण आम्हीं उघडलें. बाटली काठोकाठ, आणि रेडिएटरांत पाणी वीतभर खालीं! पट्ट्यापाशीं सुकलेल्या रंगाचा पापुद्राही सांपडला. पट्टा बदलला, कूलंट भरलें, हवा काढली. त्याच दिवशीं गाडी पांचगणीस सुखरूप पोंचली.

आतां त्या झाकणाविषयीं. पाणी समुद्रसपाटीस १०० अंशांला उकळतें. दर ३०० मीटर उंचीस हा उत्कलनबिंदु सुमारें १ अंशानें उतरतो. पांचगणी सुमारें १३०० मीटर उंच असल्यामुळें तेथें उघड्या भांड्यांतलें पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतें. मोटारींतलें पाणी त्याहूनही तापलेलें असूं शकतें. झाकण त्यावर दाब ठेवतें म्हणूनच तें उकळत नाहीं. प्रेशर कुकरचें तत्त्व हेंच. झाकण उघडतांच दाब उतरतो आणि तें पाणी उसळून अंगावर येतें.

म्हणून घाटांत कांटा चढूं लागला तर ए.सी. बंद करावा, हीटर व त्याचा पंखा पूर्ण सोडावा. तेवढीच उष्णता बाहेर पडते. तरीही कांटा उतरला नाहीं, किंवा हीटरचा वारा गार लागला, तर सुरक्षित जागीं थांबून इंजिन बंद करावें आणि तासभर धीर धरावा. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतूं नये, आणि झाकणास हात लावूं नये.

श्रोतेहो, शाळेंत मी मुलांना सांगत असें : उत्तर चुकलें तर आंकडे खोडूं नका, रीत तपासा. मोटारीचेंही तसेंच आहे. एकामागून एक भाग बदलीत जाणें म्हणजे आंकडे खोडणें होय. आधीं दोन्ही साक्षीदारांना विचारावें, गार गाडींत पाणी डोळ्यांनीं पाहावें, आणि मगच पान्ह्यास हात घालावा. पुतण्याच्या मनगटावरचा डाग अजून गेलेला नाहीं. तो दिसला कीं हा धडा आपण सहा महिने आधीं कां सांगितला नाहीं, असें मला वाटतें. म्हणूनच आज तो आपणांस सांगितला.