दशपादांतला सहा पायांचा जवळा

जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं, असं ठामपणे सांगणारे लोक मला आयुष्यभर भेटत आले. हल्ली त्यात भर पडली आहे जवळ्याला ‘आपल्याकडचा क्रिल’ म्हणणाऱ्यांची. प्राणिशास्त्र शिकवणं सोडून बरीच वर्षं झाली, तरी यातलं काहीही कानावर पडलं की माझ्यातला मास्तर जागा होतो.

दोन-तीन सेंटिमीटरचा जवळा हा पुरता वयात आलेला प्राणी असतो. पटत नसेल तर कोळणीकडून मूठभर ताजा जवळा घ्या. सुका नको, त्याचे पाय मोडलेले असतात. बशीत मिठाचं पाणी, खाली काळा कागद आणि हातात भिंग. काचेसारखं आरपार अंग, देठांवर काळे डोळे, शेपटीकडे लाल ठिपके. आता चालायचे पाय मोजा. कोळंबीला पाच जोड्या असतात, याला तीनच. चौथी आणि पाचवी जोडी नाहीच. आहेत त्या पायांच्या टोकाला चिमटे असतात, पण ते इतके बारीक की भिंगालाही दाद देत नाहीत. त्यासाठी सूक्ष्मदर्शकच हवा.

गण मात्र दशपादांचा, म्हणजे दहा पायवाल्यांचा! वर्गीकरण नुसते पाय मोजून होत नाही. चिंबोरीची मादी अंड्यांचा लगदा पोटाखाली बाळगते. जवळ्याची मादी अंडी सरळ पाण्यात सोडून मोकळी होते. समुद्री कोळंबीही तेच करते. दोघांचे कल्लेही फांद्या फुटल्यासारखे. म्हणून चिंबोरीपेक्षा कोळंबी जवळ्याला जवळची, फक्त कूळ वेगळं: जवळ्याचं सर्जेस्टिडी.

क्रिलचा तर गणच निराळा. त्याचे कल्ले पाठीच्या कवचाबाहेर उघडे लोंबतात, जवळ्याचे कवचाखाली झाकलेले असतात. शिवाय बहुतेक क्रिलच्या अंगावर प्रकाश देणारे अवयव असतात. अर्थात घोटाळा फक्त आपणच करतो असं नाही. एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी क्रिल आणि मायसिड हे दोन वेगळे प्राणी एकाच गटात कोंबले होते. 1883 मध्ये बोआस या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने ते वेगळे काढले.

जवळ्याचा वंश अ‍ॅसिटीस. तो 1830 मध्ये फ्रान्सच्या आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी उभा केला, आणि त्यातली पहिली जाती म्हणजे आपलाच अ‍ॅसिटीस इंडिकस. पुढे या वंशात चौदाच्या आसपास जाती जमल्या. त्या सगळ्यांची नीट छाननी 1975 मध्ये जपानच्या माकोतो ओमोरी यांनी केली. जाती ओळखायची तर नराच्या पोटाखालचा प्रजननाचा अवयव आणि मादीला पकडण्यासाठी मिशांवर असलेला आकडा तपासावा लागतो. हे काम डोळे फोडणारं आहे. विद्यार्थी त्याला कंटाळायचे, आणि खरं सांगायचं तर मीही. यातली एक जाती दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत, चक्क गोड्या पाण्यात राहते.

पोहता येत असलं तरी भरती-ओहोटीच्या ओढीपुढे जवळ्याचं फारसं चालत नाही, म्हणून तो प्लवकांत मोडतो. वसई-सातपाटीकडची डोल जाळी याच गोष्टीवर चालतात. जाळं प्रवाहाकडे तोंड करून जागेवर बांधलेलं असतं, जवळा पाण्याबरोबर आपण होऊन आत येतो. त्याच जाळ्यात बोंबीलही सापडतो, आणि त्याचं पोट चिरलं तर आत बरेचदा जवळाच निघतो.

या घराण्यात सर्वांत विक्षिप्त आहे तो जवळ्याचा चुलतभाऊ ल्युसिफर. लांब मानेचा, काडीसारखा. फांद्यांसारख्या कल्ल्यांवरून ज्या गटाचं नाव पडलं, त्याच गटातल्या या प्राण्याला कल्लेच नाहीत. वर त्याची मादी अंडी पाण्यात न सोडता काही काळ पायांना चिकटवून हिंडते. तरी बाकीची शरीररचना त्याला दुसरीकडे जाऊ देत नाही. 2016 मध्ये त्याच्या कुळाचे दोन वंश करण्यात आले. नामकरण करणारे मिस्कील असावेत. सैतानाच्या एका नावाशेजारी त्यांनी दुसरं आणून ठेवलं, आणि आपल्या किनाऱ्यावरचा ल्युसिफर हॅन्सेनी तेव्हापासून बेल्झेबब हॅन्सेनी झाला.