भूपृष्ठालगतच्या वातावरणातील नायट्रस आम्लाचे दिवसाचे स्रोत : माळेगाव बुद्रुकच्या ऊसक्षेत्राच्या संदर्भात

हवेतील बहुसंख्य प्रदूषकांचे ऑक्सिडीकरण हायड्रॉक्सिल मूलकामुळे होते आणि हे मूलक प्रामुख्याने ओझोनच्या प्रकाशविघटनातून निर्माण होते, असे पाठ्यपुस्तकांतून शिकविले जाते. हे विधान सर्वसाधारणपणे खरे असले, तरी जमिनीलगतच्या थरात नायट्रस आम्लाचा वाटा दुर्लक्षिता येत नाही. सुमारे ३०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून या आम्लाचा रेणू फुटतो व त्यातून हायड्रॉक्सिल मूलक आणि नायट्रिक ऑक्साइड मुक्त होतात. पर्नर आणि प्लाट या संशोधकांनी १९७९ मध्ये प्रकाशशोषणाच्या पद्धतीने हवेतील या आम्लाचे अस्तित्व दाखवून दिले.

रात्रीचे गणित तुलनेने सोपे आहे. ओलसर पृष्ठभागांवर नायट्रोजन डायऑक्साइडची पाण्याशी अभिक्रिया होते, आम्ल साचत जाते आणि सूर्योदयानंतर ते फुटते. खरा प्रश्न दुपारचा आहे. माध्यान्ही या रेणूचे आयुर्मान जेमतेम दहा ते वीस मिनिटे असते. म्हणजे रात्रीचा साठा सकाळीच संपावयास हवा. नायट्रिक ऑक्साइड व हायड्रॉक्सिल मूलक यांच्या संयोगाने थोडे आम्ल पुन्हा तयार होते, परंतु प्रत्यक्ष मापनांत दुपारी आढळणारे प्रमाण त्याहून बरेच अधिक असते. अर्थात ते दिवसाही कोठून तरी सतत पुरविले जात असले पाहिजे.

या पुरवठ्याची अनेक स्पष्टीकरणे पुढे आली. मातीतील ह्युमिक आम्लावर प्रकाश पडला असता नायट्रोजन डायऑक्साइडचे क्षपण होऊन नायट्रस आम्ल तयार होते, असे श्टेमलर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले. पानांवर आणि धूलिकणांवर बसलेल्या नायट्रेटचे प्रकाशविघटन हा दुसरा मार्ग होय. इटलीतील पो खोऱ्यावर झेपेलिन हवाईजहाजातून केलेल्या निरीक्षणांच्या आधारे २०१४ मध्ये वायुरूप स्रोताचाही दावा करण्यात आला; तो वादग्रस्त ठरला. अनेक ठिकाणी उंचीनुसार प्रमाण घटताना दिसते, त्यामुळे जमिनीचा पक्षच अधिक बळकट वाटतो.

भारतात या विषयाची चर्चा बव्हंशी महानगरांभोवती झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१५ मध्ये दिल्ली विमानतळावर सुरू केलेल्या हिवाळी धुके अभ्यासात पुढे नायट्रस आम्लाच्याही नोंदी घेण्यात आल्या. तेथील वाहनांच्या धुराचे सूत्र बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुकला जसेच्या तसे लावता येणार नाही. येथे साखर कारखाना आहे, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची वर्दळ आहे. तथापि सभोवती पसरलेले आहे ते नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरील उसाचे क्षेत्र. आडसाली उसास हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. एवढे नत्र ज्या मातीत पडते, ती माती या चर्चेत केंद्रस्थानी असावयास हवी.

येथे एक अडचण उद्भवते. या काळ्या जमिनी विम्लधर्मी आहेत. नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा अभ्यास हॅरॉल्ड मॅन व त्यांच्या सहकाऱ्याने १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. नायट्रस आम्लाचा विघटनांक सुमारे ३.३ असल्याने ५ सामूच्या मातीत पन्नासांत एक भाग आम्लरूपात राहतो, तर ८ सामूच्या मातीत पन्नास हजारांत एक. या हिशेबाने माळेगावच्या मातीतून आम्ल जवळजवळ सुटूच नये. परंतु ओस्वाल्ड व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उदासीन व विम्लधर्मी मातींतूनही लक्षणीय उत्सर्जन आढळले. अमोनियाचे नायट्राइट करणारे जिवाणू हे आम्ल थेट बाहेर टाकतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शिवाय युरियाच्या विघटनाने विम्ल मातीत मुक्त अमोनिया वाढतो. नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना तो बाधक ठरतो आणि नायट्राइट साचते. सामूचा सरासरी आकडा पाहून एखादी जमीन या यादीतून वगळणे म्हणूनच घाईचे ठरेल.

ओलाव्याची भूमिकाही तितकीच महत्त्वाची आहे. माती पाण्याने भरलेली असता हे उत्सर्जन नगण्य असते; ती सुकू लागली की वाढते आणि पूर्ण कोरडी झाल्यावर थांबते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे, तर वाफसा उलटून सरीचा वरचा थर पांढरट होऊ लागतो, ते दिवस निर्णायक होत. पाटपाण्याच्या प्रत्येक पाळीगणिक हे चक्र पुन्हा घडते. ठिबकखाली ते वेगळे दिसेल, कारण ओली पट्टी आणि कोरडी पट्टी शेजारी शेजारी असतात. खोडव्यात पाचट जाळल्यास धुरातून नायट्रस आम्ल थेट हवेत जाते; ते सरीत पसरल्यास माती उशिरा सुकते. अशा रीतीने गेलेले नत्र पिकाच्या वाट्याचे असते, आणि त्यातून सुटणारे मूलक व नायट्रिक ऑक्साइड दुपारच्या ओझोनला हातभार लावतात, जो पानांना अपायकारक आहे.

हे स्रोत परस्परांपासून वेगळे काढावयाचे, तर मापन उसाच्या शेंड्याच्या वर किमान दोन उंचींवर, पाणी दिल्यापासून पुढील पाळीपर्यंत अखंड घ्यावे लागेल. वरच्या दिशेने घटणारे व सुकण्याच्या दिवसांत उंचावणारे प्रमाण मातीकडे बोट दाखवील. गाळप हंगामात रस्त्याच्या बाजूने वारा असतानाच नायट्रोजन डायऑक्साइडबरोबर चढणारे प्रमाण वाहनांकडे.