रिफंड अडकलाय कुठे?

किलवणीच्या आसपासचे अनेकजण सिल्वासाच्या कारखान्यांत नोकरी करतात. पगारातून टीडीएस जादा कापला गेला, तर रिटर्न भरल्यावर रिफंड मिळतो. तो रखडला की घरखर्चाचं गणित बिघडतं.

आधी रिटर्न ई-व्हेरिफाय झालंय का, ते पाहावं. त्याला भरल्यापासून 30 दिवसांची मुदत असते. ओटीपी द्यायचा राहिला, तर आयकर खात्याचं बंगळुरूचं केंद्र रिटर्न हातातच घेत नाही.

मग बँक खातं. देना बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि तिचे आयएफएससी कोड बदलले. आयकराच्या पोर्टलवर जुना कोड असेल किंवा पॅन आणि पासबुकावरचं नाव जुळत नसेल, तर पैसे परत फिरतात. खातं नव्याने व्हॅलिडेट करून ‘रिफंड रीइश्यू’ची विनंती करावी.

जुनी थकबाकी दाखवणारी नोटीस आली, तर 21 दिवसांत उत्तर द्यावंच. गप्प राहणं महागात पडतं, रिफंड तिकडे वळता होतो.

जुलै 2025 मध्ये भरलेलं रिटर्न तपासायला आयकर खात्याला 31 डिसेंबर 2026 पर्यंत वेळ आहे. उशिराबद्दल दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं. मात्र रिफंड एकूण कराच्या 10 टक्क्यांहून कमी असेल तर नाही. हे व्याज पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं.