मोर्चा, वारी आणि गर्भपाताचा कायदा

गर्भपात हा शब्द आपल्याकडे अजूनही आवाज खाली आणून उच्चारला जातो. घरात तो बोलावयाचा असला तर आधी मुलांना बाहेर पाठवितात. अशा विषयावर शेकडो माणसे वर्षातील ठरलेल्या दिवशी फलक हाती घेऊन भर रस्त्याने चालत जातात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पण असे मोर्चे निघतात. अमेरिकेत ते गेली पन्नासहून अधिक वर्षे निघत आहेत, आणि १० ऑगस्ट २०२३ रोजी तसा एक मोर्चा आपल्या पुण्यातही निघाला. हे मोर्चे कशासाठी असतात, आपल्याकडे त्यांनी मूळ का धरले नाही, आणि आपल्या मराठवाड्यात ह्याच विषयावरून जी चळवळ झाली ती ह्या मोर्च्यांहून निराळी कशी, हे पाहावयाचे आहे. विषय नाजूक आहे. पण नाजूक म्हणून तो टाळण्याची किंमत कोण देते, हेही पुढे येईलच.

प्रथम पुण्याचा मोर्चा. कॅथलिक पंथातील एका भक्तिसंघटनेने तो भरविला होता. त्याआधीच्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, असा पहिला राष्ट्रीय मोर्चा दिल्लीस झाला, आणि पुण्यानंतर २०२४ साली तो केरळात त्रिसूरला झाला. दिवस तिन्ही वेळा एकच, १० ऑगस्ट. कारण १९७१ साली ह्याच तारखेला राष्ट्रपतींनी वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यावर सही केली. कायद्याच्या जन्मदिवशी त्याचा निषेध करावयाचा, ही कल्पना मात्र इथली नव्हे. ती वॉशिंग्टनहून आली.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी १९७३ रोजी 'रो विरुद्ध वेड' ह्या खटल्यात असा निर्णय दिला की, गर्भ ठेवावा की न ठेवावा हे ठरविण्याचा स्त्रीचा अधिकार राज्यघटनेने रक्षिलेला आहे. बरोबर एका वर्षाने, २२ जानेवारी १९७४ रोजी, नेली ग्रे नावाच्या वकील बाईंनी पुढाकार घेऊन ह्या निर्णयाच्या निषेधार्थ राजधानीत मोर्चा काढला. एकदाच निघावयाचा तो मोर्चा दरवर्षी निघू लागला. जानेवारीत वॉशिंग्टनला हाडे गोठविणारी थंडी असते. तरी दूरदूरच्या गावांहून शाळांची मुले, चर्चची मंडळी आणि कुटुंबेच्या कुटुंबे बसगाड्या भरून येत राहिली. पुढे २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने जुना निर्णय फिरविला, आणि हा प्रश्न घटनेचा नसून त्या त्या राज्याच्या कायदेमंडळाचा आहे असे ठरविले. ज्या निर्णयाविरुद्ध एकोणपन्नास वर्षे चालणे झाले तो निर्णयच नाहीसा झाला. मग मोर्चा थांबला काय? नाही. पुढच्याच जानेवारीत तो पुन्हा निघाला.

इथे आपल्या भाषेतील दोन शब्द उपयोगी पडतात. मोर्चा आणि वारी ह्यांत फरक आहे. मोर्चाला मागणी असते. ती मान्य झाली किंवा फेटाळली गेली की मोर्चाचे काम संपते. १९७२-७३ साली मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघाल्या, तो मोर्चा. पैठणला नाथषष्ठीला दिंड्या येतात, ती वारी. तिला मागणी नसते आणि म्हणून तिला शेवटही नसतो. मोर्चातून वारी कशी होते हेही ह्या शहराला शिकवावयास नको. १९७९ साली नागपूरहून नामांतरासाठी लाँग मार्च निघाला. १९९४ साली विद्यापीठाचा नामविस्तार झाला. पण दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या कमानीपाशी लोटणारी गर्दी काही थांबली नाही. वॉशिंग्टनचा मोर्चाही असाच वारीच्या जातीचा झाला आहे. त्याची तारीख, त्याचा रस्ता, लहानपणी आईबापांबरोबर चाललेली आणि आता आपल्या मुलांना घेऊन चालणारी माणसे, हे सारे एका कायद्याच्या कलमापेक्षा मोठे होऊन बसले आहे.

ह्या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे, की गर्भधारणेच्या क्षणापासून तो जीव माणूसच आहे, आणि त्याला मारण्याचा अधिकार आईलाही नाही, डॉक्टरलाही नाही. हे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. आपल्या धर्मशास्त्रांनीही भ्रूणहत्येची गणना महापातकांच्या पंक्तीत केली आहे. मग १९७१ साली, ज्या देशात बहुसंख्य लोक ही शास्त्रे मानणारे, त्या देशात गर्भपाताचा कायदा एवढ्या शांतपणे कसा झाला? त्याविरुद्ध मोठे आंदोलन का उठले नाही?

ह्याचे एक उत्तर मागच्या शतकात सापडते. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राला नको असलेला गर्भ हा तात्त्विक प्रश्न नव्हता. तो गावोगावच्या विहिरींचा प्रश्न होता. बालविधवेला पुनर्विवाह नाही आणि घरातल्याच पुरुषापासून संरक्षण नाही, अशा स्थितीत जन्मलेले मूल कोठे जात असे हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. १८७५ साली पंढरपुरास प्रार्थना समाजाच्या मंडळींनी तसेच गृह काढले, आणि ते पंढरपुरास काढावे लागले ह्यातच पुष्कळ काही आले. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला आपल्या नवजात मुलास मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली (ती पुढे कमी करण्यात आली). त्यावर वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या दुराचाराबद्दल जी टीका सुरू झाली, तिने संतापून आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. त्यांचा प्रश्न असा, की ह्या पापात पुरुषाचा वाटा कोठे गेला? तो प्रश्न अजून जुना झालेला नाही.

त्या काळी लागू असलेला कायदा इंग्रजांचा, १८६० चा. त्याच्या ३१२ व्या कलमाप्रमाणे आईचा जीव वाचविण्याच्या हेतूवाचून केलेला गर्भपात गुन्हा होता, आणि तो स्वतःवर करून घेणारी स्त्रीदेखील गुन्हेगार होती. म्हणजे काय झाले? गर्भपात थांबले नाहीत. ते सुईणीकडे, वैदूकडे, काडी आणि जडीबुटी घेऊन अंधारात गेले. ह्या चोरट्या गर्भपातांनी होणारे मृत्यू पाहून केंद्र सरकारने १९६४ साली एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे शांतिलाल शहा होते. समितीने डिसेंबर १९६६ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९७१ चा कायदा झाला. तो १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला.

ह्या कायद्याची घडण नीट ध्यानात घेतली म्हणजे आंदोलन का झाले नाही हे कळते. अमेरिकेच्या न्यायालयाने म्हटले की हा स्त्रीचा हक्क आहे. आपल्या संसदेने तसे म्हटले नाही. तिने एवढेच म्हटले की, नोंदणीकृत डॉक्टरने अमुक कारणासाठी, अमुक मुदतीत, अमुक ठिकाणी गर्भपात केला तर त्यास दंडविधानाचा दोष लागणार नाही. गुन्हा कायम राहिला, त्याला अपवादाचे दार ठेवले गेले, आणि दाराची किल्ली डॉक्टरच्या हाती दिली गेली. (१ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्यायसंहिता लागू झाली, तिच्यातही ८८ व्या कलमात हा गुन्हा आहेच.) हक्काची घोषणा झाली की तिच्यावर चालून जाता येते, वैद्यकीय अपवादावर चालून जाणे अवघड असते. शिवाय तो काळ कुटुंबनियोजनाचा होता. अशा रीतीने हा कायदा आरोग्यखात्याच्या दारातून हळूच आत आला. माझ्या मते ह्यात त्याचे यश होते आणि उणेपणही होता. कारण जो कायदा चर्चेवाचून येतो तो लोकांना माहीतही होत नाही.

ती माहिती थोडी येथेच देतो. २०२१ साली सुधारलेल्या कायद्याप्रमाणे वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि, बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा वा घटस्फोटित झालेल्या अशा काही स्त्रियांच्या बाबतीत, वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भात गंभीर व्यंग असेल तर चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने करता येतो. गर्भनिरोधक साधन फसले हे कारण पूर्वी विवाहितेपुरते होते. २०२१ मध्ये 'पती' जाऊन तेथे 'जोडीदार' आला. आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांची सवलत अविवाहितेसही आहे असे स्पष्ट केले. प्रौढ स्त्रीला संमती स्वतःचीच लागते; नवऱ्याची सही कायद्याने कधीही मागितलेली नाही. तरीही ती पुष्कळ दवाखान्यांत मागितली जाते.

आता आपल्याकडची चळवळ. गर्भातील दोष शोधण्यासाठी आलेले तंत्र १९७० नंतरच्या दशकात गर्भाचे लिंग सांगण्यासाठी वापरले जाऊ लागले, आणि मुलगी आहे असे कळले की गर्भ पाडला जाऊ लागला. ह्याविरुद्ध १९८० नंतर मुंबईत स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र आले. त्यांच्या रेट्याने १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगतपासणीवर बंधन घालणारा कायदा केला. देशात तो पहिला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९६ च्या पहिल्या तारखेस लागू झाला. पुढे 'सेहत' आणि 'मासूम' ह्या महाराष्ट्रातील संस्था डॉ. साबू जॉर्ज ह्यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा त्याच्या अंमलबजावणीस थोडी धार आली.

तरीही आकडे घसरत गेले. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली महाराष्ट्रात २००१ साली ९१३ होत्या, २०११ साली ८९४ झाल्या. आपल्या जिल्ह्यात त्या ८९० वरून ८५८ वर आल्या, आणि शेजारच्या बीडमध्ये ८०७ वर. २०१२ साली परळीच्या एका रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका स्त्रीचा मृत्यू झाला, आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्या डॉक्टर दांपत्याला २०१९ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर मुली वाचविण्याच्या फेऱ्या, पथनाट्ये आणि शपथा जिल्ह्याजिल्ह्यांत झाल्या.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावयास हवी. मुंबईच्या त्या पहिल्या कार्यकर्त्यांनी गर्भपाताला विरोध केला नव्हता. त्यांचा विरोध लिंग पाहून निवड करण्याला होता. त्यांना भीती होती की एकाच्या नावाखाली दुसऱ्यावर घाला येईल, आणि ती खरी ठरली. सरकारी भिंतींवर 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द आला. त्यातला 'स्त्री' हळूहळू पुसट झाला आणि 'भ्रूणहत्या' तेवढी ठळक राहिली. गर्भलिंगतपासणी हा गुन्हा आहे असे सांगणारा फलक वाचून गर्भपात हाच गुन्हा आहे अशी समजूत घेऊन घरी गेलेल्या बायका थोड्या नाहीत. मोर्चावाले जे मोर्चाने साधू पाहतात ते आपण नकळत एका चुकीच्या शब्दाने अर्धेअधिक साधून ठेवले.

हिशेब साधा आहे. गर्भपाताच्या गोळ्या घेण्यास नियमाने मुदत नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत गर्भाचे लिंग खात्रीने कळू लागते ते बारा-चौदा आठवड्यांच्या सुमारास. म्हणजे नवव्या आठवड्याच्या आत गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला पोटी मुलगा आहे की मुलगी हे सोनोग्राफीवरून कळलेलेच नसते. असे असूनही परळीच्या प्रकरणानंतर राज्यात औषधदुकानांवर जी तपासणीची मोहीम झाली, तिच्या धास्तीने अनेक औषधविक्रेत्यांनी ह्या गोळ्या ठेवणेच सोडले. काही डॉक्टरांनीही कटकट नको म्हणून बाईला परत पाठवावयास सुरुवात केली. लिंगनिवड करू इच्छिणारे श्रीमंत घर ह्याने अडले नाही, ते गाडी करून दुसरीकडे गेले. अडली ती तीन लेकरांची आई. २०१५ सालासाठी झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाने त्या वर्षी देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा अंदाज काढला, आणि त्यांपैकी दवाखान्यात झालेले जेमतेम एकपंचमांश होते.

परत पाठविलेल्या स्त्रीचे आठवडे मात्र थांबत नाहीत. आठव्यातली गोष्ट अठराव्यात जाते, अठराव्यातली पंचविसाव्यात. मग ती, पुष्कळदा अत्याचार झालेली आणि घरी कुणाला सांगण्याचे धैर्य नसलेली अल्पवयीन मुलगी, आईचा हात धरून ह्याच शहरातील उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे अर्ज घेऊन येते. न्यायमूर्ती तिला घाटी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडे पाठवितात, मंडळाचा अहवाल येतो, पुन्हा तारीख लागते. आणि त्या प्रत्येक तारखेपाशी तिचा आणखी एक आठवडा पुढे सरकलेला असतो.